ठशाची झीज आणि नाण्यावरील अक्षर

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी भाषेच्या इतिहासाची साधने म्हणून शिलालेख, ताम्रपट, हस्तलिखिते आणि दप्तरांतील कागदपत्रे यांचा उपयोग अभ्यासकांच्या चांगला परिचयाचा आहे. नाण्यांकडे मात्र भाषाभ्यासकांची दृष्टी क्वचितच वळते. नाण्यावरील लेख चार-पाच शब्दांचा, बहुधा ठरीव मजकुराचा, आणि म्हणून भाषिक माहितीच्या दृष्टीने दरिद्री, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु हाच ठरीवपणा एका अर्थाने गुण ठरतो. एकच मजकूर दीड शतकाहून अधिक काळ, निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या कारागिरांच्या हातून पुनःपुन्हा खोदला गेला असेल, तर त्यातील लेखनभेद हे लेखनपद्धतीच्या व उच्चाराच्या इतिहासाचे मोलाचे साक्षीदार होऊ शकतात. शिवराई हे तांब्याचे नाणे याचे ठळक उदाहरण होय.

शिवरायांवरील लेखांतील भेदांकडे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. परंतु त्यांनी हजारो शिवराया गोळा करून त्यांवरील लेखांचे प्रकार लावले आणि आपला प्राथमिक अभ्यास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे १९८९ मध्ये के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणी यांवरील ग्रंथ नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेने प्रकाशित केला. अशा प्रयत्नांमुळे लेखनभेदांची सामग्री अभ्यासकांपुढे आली आहे. मात्र ती सामग्री भाषेचा पुरावा म्हणून वापरण्यापूर्वी एक प्रश्न सोडविणे अवश्य आहे. नाण्यावर दिसणारा भेद कारागिराने केला, की ठशाच्या झिजेने?

हा प्रश्न वरवर पाहता धातुकामाचा आहे. वस्तुतः तो पुराव्याच्या प्रामाण्याचा आहे. 'सिव' असे वाचलेले नाणे जर मुळात 'शिव' असे खोदलेल्या पण झिजलेल्या ठशातून निघाले असेल, तर त्यावर उभारलेले ध्वनिविचाराचे सारे अनुमान निराधार ठरते. प्रस्तुत लेखात ठशाच्या झिजेचे स्वरूप, ती निर्मळ रूपात दाखविणारे प्रूफ नाणे, आणि त्या ज्ञानाचा शिवराईवरील लेखाच्या वाचनाशी असलेला संबंध, या क्रमाने विवेचन केले आहे.

२. ठसा आणि त्याची झीज

नाणे म्हणजे दोन ठशांच्या मध्ये ठेवून दाबलेली धातूची चकती. ठशावर अक्षर उलटे आणि खोल कोरलेले असते. नाण्यावर ते सुलटे आणि उठावाचे येते. ठशाचा जो सपाट भाग, तीच नाण्याची पार्श्वभूमी. ठशातील जी खाच, तीच नाण्यावरील रेषा. ही उलटापालट सतत ध्यानात ठेवली पाहिजे. कारण ठशावरून काही निघून गेले, तर नाण्यावर काहीतरी वाढते, आणि ठशात काही भरले, तर नाण्यावरून काहीतरी नाहीसे होते.

ठसा पोलादाचा असतो व त्याला पाणी देऊन तो कठीण केलेला असतो. तरीही तो झिजतो, आणि त्याची कारणे निरनिराळी आहेत. पहिले कारण घर्षण. आघाताच्या क्षणी चकतीचा धातू स्थिर राहत नाही. तो मध्याकडून कडेकडे सरकतो व खाचांत शिरतो. या सरकण्याने ठशाच्या पृष्ठावर कडेकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा पडतात आणि खाचांच्या धारदार कडा गोलाकार होतात. परिणामी नाण्यावरील अक्षर जाड व पसरट दिसू लागते आणि त्याची सीमारेषा पुसट होते. दुसरे कारण थकवा. हजारो आघात सोसल्यावर पोलादाला तडे जातात. ठशातील तडा ही एक अनपेक्षित खाचच असते. म्हणून नाण्यावर तिच्या जागी उठावाची वेडीवाकडी रेषा येते. दोन खाचांमधील पोलादाचा बारीक टवका उडाला, तर नाण्यावर त्या जागी धातूचा गोळा उमटतो आणि अक्षराचा पोकळ गाभा भरून जातो.

तिसरे कारण म्हणजे मळ. वंगण, धूळ आणि धातूचा चुरा खाचांत साचतो. अरुंद व उथळ खाचा प्रथम बुजतात. ठसा प्रत्यक्षात झिजलेला नसूनही त्याचे काम झिजलेल्यासारखेच होते. फरक इतकाच की, खाच साफ केल्यावर हरवलेली रेषा पुन्हा उमटू शकते. चौथे कारण गंज. वापरात नसलेल्या ठशावर ओलाव्याने गंजाचे खड्डे पडतात, आणि असा ठसा पुन्हा वापरला की नाण्यावर उठावाचे बारीक ठिपके येतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील अथवा कोकणातील पावसाळ्यात साठवलेल्या ठशांच्या बाबतीत ही शक्यता विशेष विचारात घेण्यासारखी आहे.

पाचवे कारण विरोधाभासाचे वाटेल: ते म्हणजे दुरुस्ती. ठसा खराब झाला की कारागीर तो घासून उजळतो. घासल्याने ठशाचा सपाट भाग खाली जातो आणि खाचा तितक्या प्रमाणात उथळ होतात. ज्या खाचा मुळातच उथळ होत्या त्या पूर्णपणे नाहीशा होतात. अमेरिकेतील डेन्व्हर टांकसाळीच्या १९३७ सालच्या पाच सेंटच्या नाण्यांत काही नाण्यांवरील गव्याला तीनच पाय दिसतात. ठसा प्रमाणाबाहेर घासल्यामुळे चौथा पाय पुसला गेला. नाणेसंग्राहकांना ही गंमत वाटते. लेखाच्या वाचकाला मात्र तिच्यातून इशारा मिळतो. जेथे पाय जातो तेथे वेलांटी वा अनुस्वारही जाऊ शकतो.

३. प्रूफ नाणे: झिजेचे निर्मळ दर्शन

वरील कारणे एकमेकांत मिसळलेली असल्यामुळे जुन्या नाण्यावर ती वेगळी ओळखणे कठीण जाते. जुने नाणे ठशाच्या झिजेबरोबरच हाताळणीने, मातीत पडून राहिल्याने व नंतरच्या साफसफाईनेही बदललेले असते. म्हणून ज्या नाण्यात केवळ ठशाच्या झिजेचाच परिणाम दिसतो, असा नमुना प्रथम पाहणे उपयुक्त ठरते. असा नमुना म्हणजे प्रूफ नाणे.

'प्रूफ' हा शब्द मुळात ठशाची परीक्षा पाहण्यासाठी काढलेल्या नमुन्याला लावीत. आज तो संग्राहकांसाठी विशेष काळजीने पाडलेल्या नाण्याचा वाचक झाला आहे. मुंबईची टांकसाळ या कामाचे भारतातील प्रमुख केंद्र आहे. फोर्ट विभागातील तिची इमारत मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली १८२० नंतरच्या दशकात उभी राहिली आणि तेथे वाफेच्या यंत्रांवर नाणी पडू लागली. स्वातंत्र्यानंतर गणराज्याची नवी नाणी १९५० मध्ये निघाली, तेव्हा त्यांचे प्रूफ संचही काढण्यात आले. गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये काढलेल्या नाण्यांचेही प्रूफ संच मुंबईत तयार झाले. मुंबईच्या चलनी नाण्यांवर हिऱ्याच्या आकाराची खूण असते. प्रूफ नाण्यांवर 'बी' हे रोमन अक्षर व नगराचे इंग्रजी नाव बदलल्यानंतर 'एम' हे अक्षर वापरण्यात आले.

प्रूफ नाण्याची चकती आणि ठसा ही दोन्ही आरशासारखी उजळलेली असतात. ठशातील आकृतीच्या व अक्षरांच्या खाचांना मात्र मुद्दाम खरखरीत केले जाते. त्यामुळे नाण्याची पार्श्वभूमी काळसर आरशासारखी आणि अक्षरे दंव पडल्यासारखी पांढरट दिसतात. असे नाणे संथ गतीने व एकाहून अधिक आघात देऊन पाडतात, जेणेकरून धातू खाचेच्या तळापर्यंत पोहोचावा. चलनी नाण्यांच्या ठशाचे आयुष्य लाखांत मोजतात. प्रूफ नाण्यांच्या ठशाचे हजारांत, आणि पुष्कळदा त्याहूनही कमी.

हा फरक का पडतो, याचे उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर आहे. पृष्ठावरील चढउतार त्या मानाने फारच लहान असतील तर प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो आणि पृष्ठ आरशासारखे दिसते. चढउतार तरंगलांबीच्या जवळ आले की प्रकाश विखुरतो आणि पृष्ठ धूसर होते. म्हणजे ठशाची झीज मायक्रोमीटरच्या अंशाइतकी झाली तरी प्रूफ नाण्याचा आरसा ती उघडी करतो. चलनी नाण्यावर तीच झीज कोणाच्या ध्यानातही येत नाही.

प्रूफ नाण्यांचा क्रम लावून पाहिल्यास झिजेची पायरीपायरीने होणारी वाटचाल स्पष्ट दिसते. प्रथम अक्षरांवरील दंव जाते, कारण खरखरीतपणाची सूक्ष्म टोके सर्वांआधी सपाट होतात. अक्षर व पार्श्वभूमी यांतील भेद तेव्हापासूनच कमी होऊ लागतो. नंतर पार्श्वभूमीवर कडेकडे जाणाऱ्या सूक्ष्म रेषांची धूसरता येते. ठसा पुसताना कापडाचा धागा राहिला, तर त्याची बारीक दबलेली खूण नाण्यावर पडते. ही खूण पुढच्या नाण्यांवर नसते. ठसा पुन्हा उजळला, तर पार्श्वभूमीवर उठावाच्या समांतर रेषा दिसतात, आणि त्या अक्षरावरून न जाता अक्षरापाशी थांबतात. कारण घासणीचे साधन सपाट भागाला लागते, खाचेच्या तळाला लागत नाही. आरसा परत येतो, परंतु अक्षरांचे बारीक अवयव मात्र कायमचे अशक्त होतात.

या क्रमातून तीन निष्कर्ष निघतात. एक, झीज यदृच्छेने होत नाही; ती अरुंद, उथळ आणि सुट्या अवयवांवर प्रथम आघात करते. दोन, ठशाचा दोष त्याच्या पुढील सर्व नाण्यांवर पुन्हा येतो, तर एका आघाताचा दोष एकाच नाण्यापुरता असतो. तीन, झिजेला क्रम आहे. म्हणून एकाच ठशातील नाणी कोणती आधी व कोणती नंतर पडली हे सांगता येते. यंत्रावरील प्रूफ नाण्याबाबत जे खरे आहे ते, प्रमाण बदलले तरी, हातोड्याने पाडलेल्या नाण्याबाबतही खरे आहे. पोलाद आणि तांबे यांचा व्यवहार यंत्रात वेगळा व घणाखाली वेगळा होत नाही.

४. शिवराई: हाताने खोदलेला ठसा

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. त्यांच्या नावाच्या नाण्यांत सोन्याचा होन व तांब्याची शिवराई येतात. शिवराईच्या एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र पति' असा लेख असून भोवती बिंदूंचे मंडल असते. फारसी लेखाच्या नाण्यांच्या काळात नागरी लिपीतील हा लेख राज्यव्यवहाराच्या भाषेविषयीच्या जाणीवपूर्वक धोरणाचा द्योतक आहे. पुढे हेच नाणे त्याच नावाने छत्रपतींच्या व पेशव्यांच्या काळात पाडले जात राहिले. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतरही काही वर्षे इंग्रजांच्या अमलाखाली दुदांडी शिवराई पडत होती. पुणे प्रांताच्या बाजारपेठांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शिवराया चालत होत्या.

या दीर्घ परंपरेत एक मोठी अडचण आहे. बहुसंख्य शिवरायांवर वर्षही नाही आणि टांकसाळीचे नावही नाही. म्हणून त्यांचे वर्गीकरण वजन, बिंदूमंडलाची रचना, अक्षरवटिका आणि लेखन यांच्या आधारेच करावे लागते. अक्षराच्या रूपावरून काळ ठरवायचा, आणि त्या काळावरून अक्षराच्या रूपाचा इतिहास लिहायचा, असे चक्र येथे सहज निर्माण होते. त्यात झिजेने बदललेले अक्षर शिरले तर दोन्ही अनुमाने एकदमच बिघडतात.

निर्मितीच्या पद्धतीतही काही गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. आधुनिक टांकसाळीत एका मूळ प्रतिमेवरून सर्व ठसे दाबून काढतात. त्यामुळे सर्व ठसे सारखे असतात. शिवराईचा प्रत्येक ठसा स्वतंत्रपणे हाताने खोदलेला आहे. म्हणून दोन ठशांतील अक्षरे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. चकती पुष्कळदा ठशाहून लहान असे आणि आघात मध्यावर पडेलच असे नसे. त्यामुळे लेखाचा काही भाग चकतीबाहेर राही. एका ठशाचा पूर्ण लेख पाहावयाचा तर त्याच ठशाची अनेक नाणी एकत्र आणावी लागतात. हाताने नाणी पाडण्याच्या पद्धतीत खालचा ठसा ऐरणीत पक्का बसविलेला असतो आणि वरचा हाताने धरून त्यावर घण मारतात. घणाचा मार थेट सोसणारा वरचा ठसा लवकर निकामी होतो आणि बदलला जातो. अशा रीतीने एका खालच्या ठशाशी अनेक वरचे ठसे जोडले जातात.

पुण्याच्या रुपयाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. 'मुहियाबाद पूना' या टांकसाळनामाचा, शाह आलम बादशहाच्या नावाचा आणि अंकुशाचे चिन्ह असलेला अंकुशी रुपया फारसी लेखाचा आहे. फारसी लिपीत कित्येक अक्षरांतील भेद केवळ नुक्त्यांच्या संख्येवर व जागेवर अवलंबून असतो. नुक्ता म्हणजे ठशातील एक सुटा, लहान खळगा. आणि झिजेचा व मळाचा पहिला बळी तोच. अशा नाण्यावर नुक्त्यांचा अभाव दिसला, तर तो खोदणाऱ्याच्या अज्ञानाचा पुरावा मानण्याची घाई करू नये.

५. झीज कोणती अक्षरे बदलते

शिवराईवर 'शिव' या शब्दाची शिव, शीव, सिव, सीव अशी, आणि 'पति' या शब्दाची पति, पती अशी रूपे वाचली गेली आहेत. यांपैकी प्रत्येक भेदाचा विचार झिजेच्या दृष्टीने वेगवेगळा करावा लागतो.

प्रथम ह्रस्वदीर्घाचा भेद. मोडी लिपीत इ-कार व उ-कार यांचा ह्रस्वदीर्घभेद पाळला जात नसे, आणि मोडीच्या सवयीचा परिणाम नागरी लेखनावर होणे स्वाभाविक होते. तेव्हा 'पति' व 'पती' हा भेद खरोखरच लेखनपद्धतीचा असू शकतो. पुढे १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी मराठीत 'छत्रपती' हे दीर्घान्त रूप प्रमाण ठरविले. परंतु ते प्रमाणीकरण सतराव्या-अठराव्या शतकांवर लादता येत नाही. झिजेने हा भेद निर्माण होणे अवघड आहे, कारण ह्रस्व वेलांटीचा दंड व्यंजनाच्या डावीकडे आणि दीर्घ वेलांटीचा उजवीकडे असतो. एका बाजूचा दंड झिजून दुसऱ्या बाजूस जाऊ शकत नाही. मात्र एक वेगळीच शक्यता उरते. ठशावर सर्व अक्षरे उलटी खोदायची असतात. कारागिराने व्यंजन उलटे खोदले, पण वेलांटी सवयीने सुलटी खोदली, तर नाण्यावर ह्रस्वाच्या जागी दीर्घ उमटेल. येथे भेद लेखनपद्धतीचाही नाही व झिजेचाही नाही; तो हाताच्या चुकीचा आहे. याची कसोटी म्हणजे त्याच ठशावरील इतर अक्षरांत उलटसुलट चूक आहे काय हे पाहणे.

दुसरा भेद श व स यांचा. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हाच सर्वांत मोलाचा आणि हाच सर्वांत धोक्याचा आहे. मराठीत इ व ए या स्वरांपूर्वी स चा श होण्याची प्रवृत्ती जुनी आहे; सिंदूर या शब्दापासून शेंदूर, सीव् या धातूपासून शिवणे, सिंच् पासून शिंपणे, ही तिची परिचित उदाहरणे होत. या प्रवृत्तीच्या विरुद्ध जाणारे 'सिव' हे लेखन जर अनेक ठशांवर स्वतंत्रपणे आढळले, तर त्याचा अर्थ लावणे अगत्याचे होईल. ते बोलीतील उच्चाराचे चिन्ह असेल, की श व स यांच्या लेखनातील सैलपणाचे, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित होतो. परंतु श व स यांच्या आकृत्यांतील भेद मुख्यतः डाव्या बाजूच्या गाठीत व वळणात सामावलेला असतो. ही गाठ म्हणजे ठशातील एकमेकींजवळच्या अरुंद खाचा. त्यांच्यामधील पोलाद उडाले किंवा त्या मळाने बुजल्या, तर श चा डावा भाग एका जाड आघातासारखा दिसतो, आणि वाचक त्याला स समजून मोकळा होतो.

तिसरा वर्ग लहान अवयवांचा. 'त्र' मधील खालची तिरपी रेषा झिजली तर 'छत' असे वाचले जाईल. 'श्री' मधील र-कार गेला तर 'शी'. 'व' च्या पोकळ गाभ्यात ठशाच्या ओरखड्याची उठावाची रेषा आली तर त्याचा 'ब' होईल, आणि 'शिब' असे एक नवेच रूप कोशात शिरेल. संस्कृतप्रमाणे प्रथमेचे रूप 'छत्रपतिः' असे हवे. शिवराईवर विसर्ग नाही. परंतु 'ति' च्या उजवीकडे गंजाच्या खड्ड्यांचे दोन ठिपके उमटले, किंवा बिंदूमंडलातील दोन बिंदू आघात सरकल्याने तेथे आले, तर विसर्ग वाचण्याचा मोह टाळणे सोपे नाही. लेखाच्या भाषेविषयीचा, म्हणजे हा लेख संस्कृत मानावा की मराठी या मूलभूत प्रश्नाचा निर्णय अशा दोन ठिपक्यांवर सोपविणे योग्य होणार नाही.

६. निर्णयाच्या कसोट्या

या अडचणींतून मार्ग काढण्यासाठी पुढील कसोट्या क्रमाने लावता येतात.

पहिली कसोटी पुनरावृत्तीची. भेद एकाच नाण्यावर असेल, तर तो आघाताचा किंवा नंतरच्या हाताळणीचा असण्याचा संभव आहे. त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावर तो जसाच्या तसा असेल, तर तो ठशाचा आहे हे सिद्ध होते. दोन नाणी एकाच ठशाची आहेत हे ओळखण्यासाठी अक्षरांची परस्परांतरे व बिंदूमंडलातील बिंदूंची अक्षरांशी असलेली जागा पाहावी. आघात कसाही पडला तरी ही अंतरे फारशी बदलत नाहीत. सारख्या प्रमाणातील छायाचित्रे एकमेकांवर ठेवून ही तुलना आज संगणकावर सहज करता येते.

दुसरी कसोटी भर व घट यांची. नाणे हातोहाती फिरल्याने त्यावरील धातू केवळ कमी होतो, आणि तो प्रथम उठावाच्या माथ्यावरून कमी होतो. ठशाच्या झिजेने मात्र नाण्यावर रेषा, ठिपके व गोळे वाढूही शकतात. म्हणून अधिक दिसणारी रेषा ही हाताळणीची नव्हे, हे निश्चित. ती खोदलेली की ठशाच्या बिघाडाची, एवढाच प्रश्न उरतो.

तिसरी कसोटी रेषेच्या स्वभावाची. खोदलेल्या रेषेला आरंभ, शेवट व शेजारच्या रेषांशी जुळणारी जाडी असते. तडा वेडावाकडा असून अक्षराच्या मर्यादेत थांबत नाही. तो पार्श्वभूमी व बिंदूमंडल ओलांडून जातो. उजळणीच्या रेषा समांतर असतात व अक्षरापाशी थांबतात. भिंगाखाली हा फरक सहसा लपत नाही.

चौथी कसोटी क्रमाची, आणि तीच निर्णायक होय. एका ठशाची अनेक नाणी झिजेच्या क्रमाने लावावी. आरंभीच्या नाण्यावर श स्पष्ट असून उत्तरोत्तर त्याची गाठ बुजत गेलेली दिसली, तर 'सिव' हे वाचन रद्द समजावे. उलट सर्वांत ताज्या नाण्यावरही स स्वच्छ कोरलेला असेल, तर ते कारागिराचेच लेखन होय. प्रूफ नाण्याच्या अभ्यासातून मिळणारी दृष्टी येथे उपयोगी पडते. ठशाचे ताजेपण कशावरून ओळखावे, कोणता अवयव आधी जातो, हे तेथे मिश्रणावाचून पाहिलेले असते.

पाचवी कसोटी मोजणीची. भाषिक पुराव्याचे एकक नाणे नव्हे, ठसा होय. समजा, एका संग्रहातील शंभर नाण्यांपैकी साठांवर 'पति' व चाळिसांवर 'पती' आहे. वरवर पाहता दोन्ही रूपे जवळजवळ सारखीच रूढ होती असे वाटेल. परंतु साठ नाणी तीस निरनिराळ्या ठशांची आणि चाळीस नाणी केवळ दोन ठशांची निघाली, तर खरे प्रमाण साठास चाळीस नसून पंधरास एक असे होते. चाळीस नाणी हे चाळीस साक्षीदार नव्हेत. दोन साक्षीदारांनी चाळीस वेळा दिलेली तीच साक्ष होय.

पुण्यातील विद्यार्थ्यांना ही विचारपद्धती अपरिचित वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती याच तत्त्वावर उभी आहे. हस्तलिखितांची संख्या न मोजता त्यांचे परस्परसंबंध पाहावे, आणि एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या प्रतींना एकच साक्ष मानावे, हा पाठचिकित्सेचा पहिला नियम आहे. नाण्यांच्या बाबतीत ठसा ही मूळ प्रत होय. फरक इतकाच की, लेखनिक नकलताना नवे पाठ निर्माण करतो. ठसा नवे पाठ निर्माण करीत नाही, तो केवळ म्हातारा होतो. म्हणूनच त्याच्या साक्षीतील बिघाडाचा क्रम लावता येतो, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत क्वचितच मिळणारी निश्चितता येथे मिळू शकते.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा अर्थ शिवराईवरील लेखनभेद निरर्थक आहेत असा नाही. उलट, झिजेची चाळणी लावल्यानंतर जे भेद उरतील ते अधिक भक्कम पुरावा ठरतील. मोडीच्या सवयीचा नागरी लेखनावरील परिणाम, श-सकारांच्या लेखनातील चलबिचल, आणि अक्षरांशी जुजबी ओळख असलेल्या कारागिराच्या हातून राजमान्य मजकुराचे होणारे रूपांतर, या तिन्ही विषयांवर शिवराईकडून मिळणारी माहिती अन्य साधनांतून सहजासहजी मिळणारी नाही.

त्यासाठी प्रथम गरज आहे ती ठसावार सूचीची. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांच्या संग्रहातील शिवरायांची दोन्ही बाजूंची सारख्या प्रकाशात घेतलेली छायाचित्रे, त्यांवरून ठशांची ओळख, प्रत्येक ठशाच्या झिजेच्या अवस्थांची नोंद आणि शेवटी प्रत्येक ठशाच्या सर्वांत ताज्या नाण्यावरील लेखाचे वाचन, या क्रमाने ही सूची सिद्ध होऊ शकते. हे काम एकट्या नाणकशास्त्रज्ञाचे नाही व एकट्या भाषाशास्त्रज्ञाचेही नाही. पहिल्याला अक्षरभेदाचे महत्त्व दुसऱ्याने सांगावे लागेल, आणि दुसऱ्याला ठशाचा स्वभाव पहिल्याने. तोपर्यंत, नाण्यावर वाचलेले प्रत्येक वेगळे रूप पदव्युत्तर प्रबंधात उद्धृत करताना त्याच्याबरोबर एक माहिती अवश्य द्यावी: ते रूप किती नाण्यांवर आढळले ही नव्हे, तर किती ठशांवर आढळले ही.